एका कॉम्प्युटरची वाटणी

साडू हे नातं ज्याने काढलं त्याला स्वतःला साडू नसणार. सख्खा भाऊ असला तर भांडताना निदान आईबाप मध्ये पडतात. मेहुणा असला तर बायकोच्या तोंडाकडे बघून आपण गप्प बसतो. साडूचं तसं काही नाही. दोघांनी वेगवेगळ्या वर्षी एकाच दारात चपला काढल्या, एवढाच काय तो संबंध. अशा माणसाबरोबर मी धंद्यात पडलो, आणि अजून उठलेलो नाही.

सातिवलीला आमचा गाळा आहे. दोन एम्ब्रॉयडरी मशीन, एक कॉम्प्युटर आणि भिंतीला लागून दोऱ्याच्या रिळांचं कपाट. शाळेच्या शर्टाच्या खिशावर जो बॅज भरलेला असतो, तो आम्ही भरतो. मुलांचा युनिफॉर्म धुताना तुम्ही त्या बॅजकडे कधी नीट पाहिलं नसेल. आम्ही मात्र रस्त्याने चालताना लोकांच्या पोरांच्या खिशाकडेच बघतो, आणि त्यावरून मी एकदा एका आईची बोलणीही खाल्ली आहेत.

माझी बायको थोरली, म्हणून साडूंमध्ये मी थोरला. वयाने तो माझ्याहून मोठा आहे, वजनाने तर आहेच, आणि ही गोष्ट तो मला लग्नाच्या पंगतीपासून विसरू देत नाही. मला तो 'थोरले' म्हणतो. ते म्हणताना त्याचा वरचा ओठ जसा हलतो तसा मी दुसऱ्या कुणाचा हललेला पाहिलेला नाही.

आमचं फाटलं ते टेबलफॅनवरून. लोकांना हे खरं वाटत नाही. त्यांना वाटतं काही मोठं असणार, आम्ही लपवतोय. पण फॅनच होता. तो फॅन मान हलवायचा, आणि माझ्याकडे आला की याला उकडायचं. एके दिवशी याने भरतकामाच्या दोऱ्याने फॅनची मान स्वतःच्या दिशेला बांधून टाकली. मी दोरा कापला. त्याने जाड दोरा बांधला. मी तोही कापला, आणि फॅनची वायरही कापली, पण ते चुकून. दुसऱ्या दिवशी गाळ्याच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. गाळ्याचा दरवाजा एकच असल्यामुळे प्लायवूड थेट उंबऱ्यापासून सुरू झालं आणि सकाळी दोघंही अंग चोरून, खेकड्यासारखे तिरके आत शिरू लागलो. साडूला जास्त तिरकं व्हावं लागायचं. त्यात माझा दिवस बरा जायचा.

बोलणं बंद झालं. पण काम तर करायचंच होतं. मला त्याच्या टेबलावरची कात्री हवी असली की मी मनवेलपाड्याला घरी बायकोला फोन करायचो. ती वसईला बहिणीला करायची. बहीण नवऱ्याला करायची, आणि प्लायवूडच्या पलीकडे वाजलेली रिंग मला ऐकू यायची. "काय पाहिजे म्हणे आता?" हेही ऐकू यायचं. मग प्लायवूडच्या वरून कात्री यायची, टोक माझ्याकडे करून.

मशीन दोन होती, ती एकेकाला गेली. अडलं ते कॉम्प्युटरपाशी. डिझाईन बनवायचं सॉफ्टवेअर एकच, त्याची चावी त्याच कॉम्प्युटरला बांधलेली, आणि दुसरं घ्यायची दोघांचीही ऐपत नाही. तेव्हा प्लायवूडला मधोमध खिडकी पाडायची, कॉम्प्युटर तिथे ठेवायचा, आणि त्याच्या पोटात दोन अकाउंटं करायची, दोघांचे पासवर्ड वेगळे, असं ठरलं. ठरवलं सासूबाईंनी.

सासूबाईंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण वाटणीतलं सगळं कळतं. त्यांच्या सासरची केळीची आणि पानवेलीची वाडी त्यांच्या डोळ्यांदेखत वाटली गेली होती. तिथला रिवाज असा, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. उरलेला वाटा आपल्यालाच घ्यायचा आहे म्हटल्यावर थोरला आपसूक सारखे वाटे पाडतो.

"एका वाट्यात विहीर गेली, तर दुसऱ्यात केळीच्या दोन ओळी जास्त द्यायच्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि वाटे झाले की जुनी चूल मोडायची, जावईबुवा. सामाईक चूल धुमसत राहिली की दोन्ही घरं जळतात."

जुनी चूल म्हणजे आमचं जुनं सामाईक अकाउंट. त्यातलं सगळं दोन नव्या अकाउंटांत हलवायचं आणि मग ते कायमचं पुसायचं. ज्याच्या वाट्यात ज्या शाळेच्या बॅजची फाइल, ती शाळा त्याची. मी थोरला, तेव्हा वाटे पाडायचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदाच थोरलेपणाचा काही उपयोग होणार होता.

खरी झोंबाझोंबी एकाच शाळेसाठी होती. वसईच्या पश्चिमेला, चर्चच्या मागे, सिस्टर लोकांची शाळा. बाकीच्या सगळ्या शाळा एकीकडे आणि ही एकटी एकीकडे, एवढे तिथले खिसे. ती शाळा ज्याच्याकडे राहील त्याचं मशीन चालणार होतं. दुसऱ्याने शटर ओढून घरी बसायचं, हे आम्ही दोघंही ओळखून होतो. मे संपत आला होता, आणि शाळा उघडायच्या आत नवा नमुना दाखवून मुख्याध्यापिका सिस्टरांची मान हलवून घ्यायची होती.

त्या शाळेचा बॅज अवघड. गोल चौकटीत ताडाचं झाड, खाली होडी, वर दिवा, आणि सगळ्याखालून वळलेली फीत. चित्राचे टाके करायच्या कामाला आमच्याकडे पंचिंग म्हणतात. या बॅजचं पंचिंग माझ्या बायकोने केलं होतं. तेव्हा आम्ही दोघं साडू बाहेर ऑर्डरी मागत फिरायचो आणि ती गाळ्यात बसून वाया गेलेल्या खिशांवर भरून बघायची. होडीला चुण्या पडल्या, उसव. गोलाचं अंडं झालं, उसव. एक अख्खा मे महिना तिने तसा घालवला, तेव्हा कुठे बॅज खिशावर सपाट पडला. म्हणून ती शाळा माझीच, असा माझा हिशेब होता. माझी म्हणजे बायकोची असं मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

आता माझी हुशारी ऐका.

बायकोची फायलींना नावं द्यायची पद्धत निराळी आहे. त्या बॅजची फाइल 'रेशन' नावाच्या फोल्डरमध्ये होती आणि तिचं नाव होतं 'नवीन नवीन फायनल खरंच'. हे ठाऊक फक्त तिला आणि मला. साडू शोधणार शाळेच्या नावाने. म्हणजे दोन्ही वाटे उघडे ठेवले तरी त्याला दिसणार नाही. प्रश्न एवढाच होता, की त्याने उचलायचा तो वाटा दुसरा असायला हवा.

मी दोन अकाउंटं उघडली. सासूबाईंनी दोघांचीही नावं द्यायला मनाई केली होती, म्हणून एकाला 'केळ' म्हटलं, दुसऱ्याला 'पान'. पानमध्ये रेशनचा फोल्डर ठेवला, निम्म्या किरकोळ शाळा टाकल्या, आणि पडदा राखाडी, मरतुकडा ठेवला. चिन्हं बारीक, एका कोपऱ्यात गोळा झालेली. बघणाऱ्याला वाटावं इथे कुणीतरी नुकतंच गेलंय.

केळ मात्र सजवलं. पडद्यावर कळंबच्या किनाऱ्याचा सूर्यास्त, चिन्हं टपोरी, उघडताना घंटी वाजेल असा आवाज. उरलेल्या शाळा त्यात होत्याच. तरी वजन कमी भरत होतं. साडू फोल्डरवर टिचकी मारून आकार बघतो हे मला माहीत होतं. भाजी घेतानाही तो आधी पिशवी उचलून पाहतो. मग मी 'लपवलेले फोल्डर दाखवा' यावर खूण केली. जुन्या अकाउंटच्या तळाशी फिकट रंगाची फोल्डरं निघाली, इंग्रजी नावांची, एकात एक, एकात एक. आत काय आहे ते उघडून बघितलं तर नुसते आकडे. मला वाटलं, माळ्यावरची अडगळ. ती सगळी कट करून केळमध्ये नेऊन ओतली. सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज, रंग, कापडं, जे जे हाताला लागलं ते. विहीर मी ठेवली, ओळी त्याला दिल्या. रिवाजाला कुठे बाधा आणली नाही.

उचलायच्या दिवशी सासूबाई रिक्षाने गाळ्यावर आल्या, सोबत केळीचा घड आणि हळदीकुंकवाची कुयरी. दोऱ्याच्या खोक्यावर बसल्या. साडूने आधी केळ उघडलं. घंटी वाजली. मग पान उघडलं. मग दोन्हीकडे शाळेचं नाव टाकून शोधलं. काहीच निघालं नाही.

"सिस्टरांची फाइल कुठेय, विचारा यांना," तो सासूबाईंना म्हणाला.

"कुठेय, जावईबुवा?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी खोटं बोललो नाही. मी शिंकलो. मग म्हणालो, "असेल की. मी काही फेकलेलं नाही."

साडूने दोन्हींवर टिचकी मारून आकार बघितला. केळ पानाच्या कितीतरी पट भरलं. त्याने एकवार माझ्याकडे बघितलं. मी घडातलं एक केळं सोलून खात होतो, पडेल चेहऱ्याने.

"केळ," तो म्हणाला.

सासूबाईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, "मोडा चूल." जुनं अकाउंट पुसताना कॉम्प्युटर विचारतो, फाइली ठेवायच्या की काढायच्या. मी 'काढायच्या' दाबलं.  गाढव लाथ मारताना मागे वळून बघत नाही.

त्या संध्याकाळी मी पान उघडून रेशनमध्ये गेलो. 'नवीन नवीन फायनल खरंच' जागेवर होतं. उघडलं. ताड जांभळा होता. होडी पोपटी, दिवा काळा, आणि दिव्याची ज्योत गुलाबी.

आधी वाटलं पडद्याचा दोष. मशीनवर भरून बघितलं. पडदा बरोबर होता. शिवाय गोलाचं पुन्हा अंडं झालं होतं आणि होडीखाली चुण्या, पाणी असल्यासारख्या. तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं, की फाइलमध्ये नुसते टाके असतात. कुठल्या टाक्याला कुठला दोरा, कुठल्या कापडाला किती ओढ, हे सॉफ्टवेअर वेगळं लिहून ठेवतं, अकाउंटच्या तळाशी, फिकट फोल्डरांत. बायकोचा तो अख्खा मे महिना मी अडगळ म्हणून साडूच्या वाट्यात ओतला होता. आणि जुनी चूल तर मोडलेली.

बायकोला फोनवर नुसतं सहज विचारलं, "अगं, तो ताड कितव्या नंबरच्या हिरव्याचा होता? आणि कापडाची ओढ किती?"

"मी काय आकडे पाठ करत बसले होते? कॉम्प्युटरमध्ये आहे की सगळं. का?"

"काही नाही," मी म्हणालो.

मी स्वतःच लावायला बसलो. जुना एक बॅज समोर ठेवून दोरे जुळवले. रंगाचं मी फारसं सांगत नाही. हिरव्याच्या किती जाती असतात हे मला त्या आठवड्यात कळलं, आणि माझी एकही जात ताडाची निघाली नाही. ओढीचे आकडे अंदाजाने बदलले तर अंड्याचा काजू झाला. शेवटी शाळा उघडायची वेळ इतकी जवळ आली, की त्यातल्या त्यात बऱ्या नमुन्याला इस्त्री मारून मी सिस्टरांकडे गेलो.

ऑफिसबाहेरच्या बाकावर साडू बसलेला होता. बाक एकच. मी दुसऱ्या टोकाला बसलो. त्याच्या हातात खाकी पाकीट होतं आणि चेहऱ्यावर माझ्यासारखीच इस्त्री. त्याच्याकडे फाइल नव्हती, मग त्याने काय आणलं असेल, याचा मला घाम फुटला. माझ्याकडे बघून त्यालाही फुटला. दोघांना एकदमच आत बोलावलं.

सिस्टरांनी आधी माझा नमुना घेतला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाल्या, "हे वांगं आहे का?"

"ताड आहे, सिस्टर. धुतल्यावर जरा उतरेल रंग."

"उतरेल? मग मुलांच्या आया माझ्याकडे येतील."

मग त्याचा घेतला. त्याने जुन्या बॅजचा फोटो काढून सॉफ्टवेअरला 'तूच कर पंचिंग' म्हणून सोडून दिलं होतं. रंग अगदी बरोबर. कापड सपाट, एक चुणी नाही. माझ्या बायकोच्या सेटिंग्ज होत्या त्या. पण ताडाचा खराटा झाला होता, आणि होडीची चप्पल.

"चप्पल कशाला घातली यात?" सिस्टर म्हणाल्या.

"होडी आहे, सिस्टर," साडू म्हणाला. "यांनी फाइल दाबून ठेवली, नाहीतर..."

"सेटिंग्ज यांच्याकडे आहेत," मी म्हणालो. "विचारा यांना, देतात का."

"फाइल चोरलीत तुम्ही."

"उचललंत तुम्ही. आईंच्या समोर उचललंत."

सिस्टरांनी दोन्ही खिसे टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. "मागच्या वर्षी तुम्ही एकत्र यायचा ना? तेव्हा बॅज चांगला होता." त्यांनी खिसे आमच्याकडे सरकवले, त्याचा माझ्याकडे आणि माझा त्याच्याकडे. "सोमवारी एक चांगला आणा. कोण आणतंय त्याच्याशी मला देणंघेणं नाही. नाही आणलात तर मुंबईचा एक माणूस आहे, तो मला फोन करून करून दमलाय."

बाहेर आल्यावर निदान एक वाक्य तरी बोलायला हवं होतं. शहाणी माणसं बोलली असती. 'फाइल द्या, सेटिंग देतो,' एवढंच. मी त्याच्या तोंडून ते यायची वाट बघत गेटपाशी चपलेचा अंगठा नीट करत उभा राहिलो. तोही आपल्या स्कूटरची किल्ली बघत उभा होता, तिच्यावर काही लिहिल्यासारखी. मग तो गेला. जाताना आरसा माझ्याकडे वळवून, डोळ्यांवर ऊन मारून गेला. हे मुद्दाम होतं, याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही.

घरी आलो तर बायकोला सगळं आधीच कळलेलं. माझ्या खिशातून तिने सिस्टरांनी माझ्याकडे सरकवलेला साडूचा नमुना बाहेर काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"ताड."

"हे?"

"होडी."

तिने नमुन्याची घडी घातली. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. "वाटे तुम्ही पाडलेत. उचलला त्यांनी. बॅज कुणाचा होता?"

"अगं, वाटणी म्हटल्यावर ती थोरल्याने..."

"थोरली मी आहे," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यामुळे थोरले."

  तिने फोन उचलला आणि बहिणीला लावला. त्या दोघी घरच्या बोलीत बोलू लागल्या की मला निम्मंच कळतं, आणि ते निम्मं माझ्याविषयी असतं. त्या दिवशी बोलणं बराच वेळ चाललं. मला वाटलं तेवढं वाईट काही ऐकू आलं नाही. मी ओळखायला हवं होतं.

रविवारी सासूबाईंनी दोन्ही जावयांना वाडीत बोलावलं. केळीचे घड उतरवायचे होते, माणूस मिळत नव्हता म्हणे. मी एका ओळीत कोयता चालवत होतो, साडू दुसऱ्या. मधे विहीर होती. जेवायला ओट्यावर पाठीला पाठ लावून बसलो. सासूबाई वाढायला इतका वेळ लावत होत्या, की मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या झाल्या आता. त्या मध्येमध्ये फोन बघत होत्या. शेवटी फोनवर काहीतरी आलं, तेव्हा म्हणाल्या, "या आता. झालं काम." मी घडांकडे बघितलं. निम्मे झाडावरच होते.

सोमवारी सकाळी तिरका होऊन गाळ्यात शिरलो, कॉम्प्युटर सुरू केला. नेहमी दोन नावं यायची. आज तीन होती. केळ, पान, माहेर.

मी पान उघडलं. रेशनचा फोल्डर नव्हता. माझा पासवर्ड बायकोला माहीत आहेच. तो तिनेच ठेवून दिलेला, मी ठेवलेले मला आठवत नाहीत. थोड्या वेळाने पलीकडून साडू आला आणि खिडकीतून कीबोर्ड ओढून घेतला. केळची घंटी वाजली. मग टिचक्या, खूप टिचक्या. मग लपवलेले फोल्डर शोधायच्या टिचक्या, त्यांचा आवाज मला पाठ आहे. त्याने आपला पासवर्ड प्लायवूडला चिकटवून ठेवला होता, त्याच्या बाजूने, माझ्यापासून लपवायला. मेहुणीला तो वाचायला चष्मासुद्धा लागला नसेल. रविवारी आम्ही वाडीत घड उतरवत असताना बहिणींनी दोन्हीकडचं कॉपी केलं नव्हतं. कट केलं होतं.

सिस्टरांकडे त्या दोघी सकाळीच जाऊन आल्या. बॅज पसंत पडला. ताड हिरवा होता, होडीला पाणी लागत होतं पण चुण्या नव्हत्या. ऑर्डर लिहून दिली ती दोघी बहिणींच्या नावाने. मुलांचे खिसे माझ्या मशीनवर, मुलींचे साडूच्या, आणि प्रत्येक गठ्ठा तपासून घेणार त्या. फाइल रोज सकाळी त्यांच्यातली एक येऊन मशीनवर चढवून देणार आणि 'माहेर'ला पासवर्डचं कुलूप लावून जाणार. हे सगळं मला माझ्या बायकोने मनवेलपाड्याहून फोनवर सांगितलं. पलीकडे रिंग वाजली, आणि साडूलाही तेच कुणीतरी सांगत असल्याचं मला प्लायवूडमधून ऐकू आलं. तो 'हं, हं' म्हणत होता. मीही तेच म्हणत होतो.

 मग खिडकीत त्याचं नाक दिसलं. सिस्टरांसमोरचं भांडण सोडलं, तर फॅनच्या दिवसापासून तो माझ्याशी थेट एक शब्द बोलला नव्हता.

"थोरले," तो म्हणाला. "पासवर्ड काय ठेवला असेल हो त्यांनी?"

मला खरंच माहीत नव्हतं. पण माहीत असल्यासारखं मी डोळे मिटले, खुर्चीत मागे रेललो, आणि सांगितलं, "निरोप मनवेलपाड्याला पाठवा."